साडेपाच मीटर पाऊस भिंतीवर : छात्राध्यापकांसाठी वर्गातल्या कृती आणि मांडणी

आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, निघालेल्या छात्राध्यापकांकडे गुंडाळलेले चार-पाच तक्ते हमखास असतात. रात्री जागून, घरातल्या सगळ्यांना कामाला लावून केलेले, कडेला सोनेरी पट्टी चिकटवलेले. पाठाच्या दिवशी ते फळ्याशेजारी टांगायचे, पट्टीनं दाखवायचे आणि टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, सही झाली की परत गुंडाळायचे. मुलांचा हात त्यांना लागत नाही, किंबहुना लागू दिला जात नाही.

इथं उलटी रीत सांगतो आहे. साहित्य वर्गात न्यायचं ते अर्धवट, आणि पूर्ण करून घ्यायचं मुलांच्या हातून. भिंतीवर जे लावाल त्यात रोज कुणीतरी काहीतरी जोडलं पाहिजे, हलवलं पाहिजे, मोजलं पाहिजे. जे बदलत नाही ते पंधरा दिवसांत कुणाला दिसेनासं होतं, मग ते ऑइलपेंटनं रंगवलेलं का असेना. 'बोलक्या भिंती' रंगवून घेतलेल्या शाळेत चौथीच्या पोराला विचारून बघा, तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर काय आहे? मान वळवल्याशिवाय सांगता येत नाही.

उदाहरणं सातारा जिल्ह्यातली आहेत. डोंगराळ जावळी तालुक्यातल्या वाडीवरची शाळा असो की कोरड्या माण तालुक्यातली, साहित्याचा खजिना बाहेर पडलेलाच असतो. डोळ्यांसमोर तिसरी-चौथीचा वर्ग धरला आहे. लहान मुलांसाठी काय बदलायचं ते जागोजागी येईल.

आधी भिंत बघा

सुरुवातीचे दिवस निरीक्षणाचे असतात, त्यातच हे काम उरका. वर्ग तुमचा नाही, हे लक्षात ठेवलं की बरेच प्रश्न उभेच राहत नाहीत. वर्गशिक्षिका बाईंना विचारा: कुठली भिंत मोकळी आहे, काय काढलेलं चालणार नाही, खिळा ठोकला तर चालेल का. हेच मुख्याध्यापकांच्याही कानावर घाला. द्विशिक्षकी शाळा असेल तर एका खोलीत दोन-दोन वर्ग बसतात. तिथं बाईंना पहिलीकडे बघताना तिसरीला गुंतवून ठेवणारं काहीतरी हवंच असतं. तुमची मांडणी हे काम करणार असेल तर भिंत आनंदानं मिळते.

मग ओल. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात भिंती पाझरतात. सकाळी चिकटपट्टीनं लावलेला तक्ता मधल्या सुट्टीपर्यंत जमिनीवर, आणि डबल टेप काढावा तर रंगाचा पोपडा घेऊनच निघतो. त्यावर साधा इलाज म्हणजे दोरी. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत नायलॉनची दोरी ताणून बांधायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी सगळं अडकवायचं. चिमट्याचा मोठा फायदा असा की तो मुलांना स्वतः काढता-लावता येतो. माण-खटावकडे ओलीचा त्रास नाही, पण वारा कागद फडफडवून फाडतो. तिथं कागदाच्या खालच्या कडेला बांबूची कामटी चिकटवा.

उंचीबाबत मात्र तडजोड नको. आपण आपल्या डोळ्यांच्या पातळीला तक्ता लावतो आणि मुलं दोन महिने मान वर करून बघतात. वर्गातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच मुलाला भिंतीला टेकवून उभं करा आणि दोघांच्या डोळ्यांच्या रेषेत खडूची खूण करा. मांडणीचा मधला भाग या दोन खुणांच्या दरम्यान आला पाहिजे. पहिली-दुसरीत ही रेषा साधारण १०५ सेंटिमीटरवर येते, चौथीत १२० च्या आसपास. दोरी बांधायची ती मुलाचा हात सहज पोचेल अशाच उंचीवर.

सामान कुठून आणायचं

स्टेशनरीच्या दुकानात शेवटी जा. किराणा दुकानातले खोके, साडीच्या दुकानातले पांढरे पुठ्ठे, शिंप्याकडच्या चिंध्या, मागची बाजू कोरी असलेली जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, चिंचोके, बाटल्यांची झाकणं, ज्वारीची धाटं. यातलं निम्मं मुलंच आणतात आणि स्वतः आणलेलं सामान ती जपून वापरतात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडला काम वाढवलं, तेव्हा महागडी माँटेसरी साधनं बाजूला ठेवून गावात सापडणाऱ्या वस्तूंतूनच साधनं उभी केली. तेव्हा फुकटचं सामान वापरण्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

विकत घ्यावं लागतं ते थोडंच: जाड मार्कर (काळा, निळा, लाल), दोरी, चिमटे, बोथट टोकाच्या कात्र्या, मीटरची टेप, निळी लोकर. थर्माकोल नको. एक तर २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं, आणि दुसरं म्हणजे त्याचा भुगा वर्गभर उडतो नि झाडताना पुरेवाट होते.

खळ घरीच करा. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा. चार वाट्यांतलं उरलेलं पाणी उकळलं की त्यात तो ओतायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. चकाकी आली की उतरवायची. दोन-तीन दिवस टिकते, पावसाळ्यात त्याआधीच आंबते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत ते घालायचंच नाही. कटरही तुमच्या पिशवीतच राहू द्या, कापायचं ते घरून कापून आणा.

पावसाच्या पट्ट्या

सगळ्यात जास्त वेळ ज्या कृतीला द्यावा अशी ही. जिल्ह्याचा भूगोल शिकताना मुलं पाठ करतात की महाबळेश्वरला फार पाऊस पडतो आणि माण तालुका दुष्काळी आहे. आकडा सांगितला तर तोही पाठ होतो, पण मिलिमीटर म्हणजे पट्टीवरची ती बारीक रेघ आणि पाऊसही त्याच रेघेनं मोजतात, हे कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून पाऊस त्याच्या खऱ्या मापाचा कापायचा. महाबळेश्वरची वर्षाची सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आहे, म्हणजे कागदाची पट्टी साडेपाच मीटर लांब. सातारा शहराकडे हजाराच्या आसपास, म्हणजे एक मीटर. माण तालुक्यातल्या दहिवडीकडे पाचशेच्या आसपास, म्हणजे अर्धा मीटर. हे प्रमाणातलं चित्र नव्हे, तेवढाच पाऊस आहे.

घरी इतकंच करायचं: कॅलेंडरच्या कागदाच्या दहा सेंटिमीटर रुंदीच्या भरपूर पट्ट्या कापून ठेवायच्या. जोडायच्या नाहीत.

वर्गात चार-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाला एक ठिकाण द्या. महाबळेश्वरचं काम मोठं असल्यामुळे ते दोन गटांना मिळून द्या. मुलं खळीनं पट्ट्या जोडतात आणि टेपनं मोजून दर दहा सेंटिमीटरवर रेघ मारतात. मीटर पूर्ण झाला की तिथं लाल रेघ. इथं घाई करू नका. जोडताना एकावर एक कागद येतो आणि तेवढी लांबी कमी होते, हे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि मग खरी चर्चा सुरू होते. ते तुम्ही आधी सांगून टाकलंत तर मजाच गेली.

पट्ट्या तयार झाल्या की गुंडाळून ठेवायच्या आणि आधी अंदाज घ्यायचा. फळ्याच्या कोपऱ्याखाली शून्याची खूण करा. दहिवडीची पट्टी कुठपर्यंत येईल, साताऱ्याची कुठपर्यंत, महाबळेश्वरची कुठपर्यंत? प्रत्येकानं जमिनीवर खडूनं खूण करून नाव लिहायचं. मग दहिवडीची उलगडा. मग साताऱ्याची. महाबळेश्वरची शेवटी, दोन मुलांच्या हातांनी हळूहळू. साधारण खोलीची लांबी तिला जेमतेम पुरते, छोट्या खोलीत ती कोपऱ्यातून वळवून दुसऱ्या भिंतीवर न्यावी लागते. शाळा दुमजली असेल तर ती वरच्या व्हरांड्यातून खाली सोडा. पाऊस उभा दिसतो तेव्हा त्याचा धाक वेगळाच असतो.

आता प्रश्न. हे सगळं पाणी वाहून गेलं नसतं, मुरलं नसतं, उडून गेलं नसतं तर कुठपर्यंत चढलं असतं? आपलं छप्पर बुडालं असतं का? दहिवडीच्या किती पट्ट्या एकापुढे एक लावल्या की महाबळेश्वर होईल? अकरा हे उत्तर मुलं भागाकार करून नाही, पट्टी उचलून उचलून काढतात. काढू द्या, भागाकार नंतर फळ्यावर येईलच. शेवटचा प्रश्न 'असं का?' अरबी समुद्रावरून आलेले ढगाळ वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि तिथंच रिकामे होतात, डोंगर ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत त्यांच्याकडे फारसं काही उरत नाही. एवढं बोलायला पाच मिनिटं पुरतात, कारण ऐकण्याची भूक पट्टीनं आधीच लावलेली असते.

यानंतर पट्ट्या भिंतीवर, आणि त्यांच्याखाली एक चौथी, कोरी: आपल्या गावाची. ती वाढवायची रोजच्या मोजणीनं.

पर्जन्यमापकासाठी सरळ अंगाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. मान जिथं संपून अंग सरळ होतं तिथं कापा आणि कापलेला वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून खाली खडे टाका आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा. तिथं शून्य. त्याच्यावर कागदाची मोजपट्टी लावून पारदर्शक चिकटपट्टीनं झाका. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असल्यामुळे आत चढलेलं एक मिलिमीटर पाणी म्हणजे बाहेर पडलेला एक मिलिमीटर पाऊस. बाटली मोकळ्या जागी, विटांच्या आधारानं उभी करा. जवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. मोजणी झाली की शून्यापर्यंतच पाणी ठेवायचं, कमी झालं असेल तर भरायचं. घाटमाथ्यावरच्या शाळेत जोरात लागलेल्या दिवशी बाटली ओसंडून वाहू शकते, तिथं दिवसातून दोनदा मोजा.

हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं. शाळेला ती वेळ जमत नसेल तर परिपाठाची वेळ धरा, पण रोज तीच. रविवारची जबाबदारी शाळेशेजारी राहणाऱ्या मुलाकडे द्या. परिपाठात आकडा जाहीर झाला की त्या दिवशीचा प्रमुख तेवढीच पट्टी कापून चौथ्या पट्टीला जोडतो आणि मागे तारीख लिहितो. वर्तमानपत्रात पावसाळ्यात ठिकठिकाणचा पाऊस छापून येतो, तो शेजारी चिमट्यानं लावा. पाऊस नसलेल्या दिवसाचं काय करायचं, हा प्रश्न मुलांवर सोडा. काही वर्ग नुसता ठिपका देतात, काही रिकामी तारीख लिहितात. दोन्ही ठीक.

चौथी-पाचवीला एक पायरी पुढे नेता येतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. खोलीचं छप्पर सहा मीटर बाय पाच मीटर असेल तर ३० चौरस मीटर झालं. त्यावर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे ३०० लिटर. दहिवडीच्या वर्षभराच्या पावसातही त्या एका छपरावर १५,००० लिटर पडतात. टँकरची वाट बघणाऱ्या गावातल्या मुलांना हा आकडा स्वतः काढू द्या आणि पुढे बोलू द्या. तुम्ही कमी बोला.

चालती कृष्णा

पाऊस कुठे जातो, हे मैदानावर. रांगोळीनं जमिनीवर जागा आखा. आधी उत्तर दिशा ठरवा, नाहीतर सगळ्या नद्या उलट्या वाहतात. वर डाव्या हाताला महाबळेश्वर, तिथून पूर्वेकडे वाई, खाली संगम माहुली, त्याखाली उंब्रज, त्याखाली कराड. पश्चिमेच्या बाजूला, कराडच्या साधारण समोर हेळवाक. मापात काटेकोर नसलं तरी चालेल, दिशा मात्र चुकू नयेत.

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्यांचा उगम मानतात त्या कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. पाचांपैकी गायत्रीला या खेळात वाट नाही, ती झालेली मुलगी सूत्रधार. बाकी चौघी उगमावर पाठीला पाठ लावून उभ्या. प्रत्येकीच्या हातात निळी ओढणी किंवा दोरी, दुसरं टोक उगमाशी दगडाखाली. सूत्रधारानं 'पाऊस आला' म्हटलं की चालायचं. कृष्णा वाईवरून खाली. वेण्णा मेढ्यावरून माहुलीला येऊन कृष्णेचा हात धरते. सावित्री सरळ पश्चिमेला, कोकणात उतरते आणि परत येत नाही. कोयना कृष्णेला जवळपास समांतर दक्षिणेकडे चालत राहते, हेळवाकला पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. एकाच डोंगरातून निघालेल्या दोघी इतकं अंतर वेगळ्या चालून समोरासमोर येतात, हे नकाशात बघून कळत नाही, चालून कळतं.

मग भर घाला. उंब्रजला तारळी नदी येऊन मिळते. कोयना धरणाच्या जागी दोघं हात पसरून बसतात आणि कोयना थांबते. धरणाचं काही पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे वीज करायला जातं. त्यासाठी दोन मुलांच्या हातांच्या कमानीतून एकानं कोकणात पळायचं. हा बोगदा म्हणजे पोरांचा सगळ्यात आवडता भाग, प्रत्येकाला तेच व्हायचं असतं, तेव्हा पाळी आधीच ठरवा. माणगंगा मात्र पूर्वेकडच्या कोपऱ्यातून निघून जिल्ह्याबाहेर जाते आणि भीमेला मिळते. भीमा पुढे कृष्णेलाच मिळते, पण ते थेट कर्नाटकात. माणगंगा झालेल्या मुलाला बराच वेळ एकट्यानं चालावं लागतं, म्हणून जरा धीट मूल निवडा.

खेळ झाला की लगेच वर्गात येऊन प्रत्येकानं आठवणीतून नकाशा काढायचा. त्यातले दोन-तीन फळ्यावर लावून मैदानावर काय घडलं होतं ते पडताळायचं. दुसऱ्या दिवशी मोठ्या पुठ्ठ्यावर जिल्ह्याची रूपरेषा काढून निळ्या लोकरीनं नद्या चिकटवा. गावांची नावं चिकटवायची नाहीत. ती कार्डांवर लिहून डबीत ठेवा आणि पुठ्ठ्यावर त्या जागी बारीक खिळे किंवा वाकवलेल्या तारेचे आकडे ठेवा. सकाळी एका जोडीनं नावं अडकवायची, संध्याकाळी दुसऱ्या जोडीनं तपासून काढायची. नकाशा भिंतीवर असूनही रोज नव्यानं तयार होतो तो असा.

डोंगर-दऱ्यांसह उठावाचा नकाशा करायची हौस असेल तर कागदाचा लगदा उत्तम. रद्दी रात्रभर भिजवून वाटायची आणि तीत भिजवून वाटलेली मेथी मिसळायची, आज्या टोपल्या लिंपायच्या तशीच. मेथीनं चिकटपणा येतो आणि किडीलाही आळा बसतो. पण हे काम दिवाळीनंतरच काढा. पावसाळ्यात लगदा वाळत नाही, त्याला बुरशी येते.

चिंचोक्यांची टेकडी

पहिली-दुसरीसाठी. चिंचोके फोडून दोन फाका केल्या की एक बाजू तपकिरी आणि एक पांढरी मिळते, सारीपाटाला कवड्या नसल्या की वापरतात तेच. घरून फोडून आणा आणि कडा फरशीवर घासून घ्या. प्रत्येक जोडीला दहा फाका. ओंजळीत खुळखुळवून टाकायच्या आणि पांढऱ्या किती, तपकिरी किती ते मोजायचं. सहा आणि चार, तीन आणि सात, पाच आणि पाच. दहाच्या जोड्या पाठ करायला न लावता पाठ होतात.

भिंतीवर एक लांब कागद, त्यावर ० ते १० असे अकरा रकाने. प्रत्येक वेळी फाका टाकल्यावर पांढऱ्यांच्या आकड्यावर मुलानं स्केचपेननं एक ठिपका द्यायचा, आधीच्या ठिपक्याच्या बरोबर वर. पहिल्या दिवशी ठिपके इकडे-तिकडे विखुरलेले दिसतात. आठवडाभर खेळत राहिलात की मध्ये कुठेतरी टेकडी उभी राहते आणि दोन्ही टोकांचे रकाने जवळपास रिकामे राहतात. टेकडी पाचावरच येईल असं मुलांना सांगू नका. चिंचोक्याची फाक दोन्ही बाजूंनी सारखी नसते, त्यामुळे टेकडी एका अंगाला सरकूही शकते. दहाच्या दहा पांढरे पडल्याचा पुकारा झाला की सगळा वर्ग उठतो, तेवढा गोंगाट चालवून घ्या. शून्य म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा इथं लवकर कळतं, कारण शून्याच्या रकान्यातही ठिपका द्यावा लागतो.

याच्याच जोडीला शंभर मण्यांची माळ. कॅलेंडरच्या कागदाचे लांब निमुळते त्रिकोण रुंद बाजूनं गुंडाळत आणून टोक चिकटवलं की मणी होतो. दहा लाल, दहा पांढरे अशा क्रमानं ओवा आणि दोन खिळ्यांमध्ये बांधा. '४७ कुठे?' म्हटलं की मूल चार रंग मोजतं, मग सात मणी, आणि तिथं चिमटा लावतं. त्या दिवशीची तारीख, वर्गाचा पट, हजर किती, गैरहजर किती, सगळं माळेवर दाखवायचं.

भौमितिक आकारांसाठी ज्वारीचं धाट घ्या. धाटाची साल सोलली की आतला पांढरा मऊ गाभा उरतो. गाभ्याचे तुकडे म्हणजे कोपरे, सालीच्या काड्या म्हणजे कडा, बैलगाडी करतात तशीच रीत. सालीची धार बोट कापते, तेव्हा सोलणं तुम्ही करा. धाटं न मिळणाऱ्या शाळेत काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरा, ही युक्ती अरविंद गुप्तांनी देशभर पोचवली. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे हातानं एकदा अनुभवलं की पत्र्याच्या शेडच्या छपराखालच्या त्रिकोणी कैचीकडे मुलं वेगळ्या नजरेनं बघतात.

विज्ञानासाठी एवढंच सांगतो: हळदीचा कागद. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून जाड पांढऱ्या कागदावर फासायची आणि वाळवायची. साबणाचं पाणी किंवा खाण्याचा सोडा लागला की पिवळा कागद तांबडा होतो, त्यावर लिंबू लावलं की परत पिवळा. मुलांनी घरून आणलेले पदार्थ तपासून 'तांबडा करणारे' आणि 'न करणारे' अशा दोन दोऱ्यांवर कागद टांगायचे. विड्याच्या पानाचा चुना आणू देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते.

टाचणात काय लिहायचं

अडचण इथं येते. ३५ मिनिटांच्या तासिकेत पट्ट्या जोडून, उलगडून, बोलून होत नाही. म्हणून एकाच पाठात सगळं कोंबू नका. जोडणं आदल्या दिवशीच्या कार्यानुभवाच्या तासाला घ्या. निरीक्षक बघणार असतील त्या पाठात अंदाज, उलगडणं आणि प्रश्न एवढंच ठेवा. टाचणात शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात 'विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या पर्जन्यपट्ट्या' असं स्पष्ट लिहा आणि विद्यार्थी कृतीच्या रकान्यात क्रियापदं घाला: मोजतात, अंदाज नोंदवतात, तुलना करतात. 'लक्षपूर्वक ऐकतात' हे वाक्य जितक्या वेळा येईल तितका पाठ तुमचा, मुलांचा नाही.

काही निरीक्षकांना चकचकीत तक्ता लागतो. वाद घालू नका. एक नेटका तक्ता जवळ ठेवा, पण तो पाठाच्या शेवटी काढा, मुलांनी स्वतः काढलेलं पडताळून बघण्यासाठी. दोघांचंही समाधान होतं.

बहुवर्ग खोलीत प्रत्येक मांडणीखाली एक कामाचं कार्ड अडकवा: 'आजचा पाऊस कालपेक्षा किती कमी-जास्त?', 'कराडहून सांगलीकडे जाणारी नदी कोणती?' कार्ड मोठ्या अक्षरात, एकाच प्रश्नाचं, आणि दर दोन दिवसांनी नवं. बाई पलीकडे शिकवत असताना मुलं हे आपापलं करतात.

कुणाचं काम भिंतीवर?

सगळ्यांचं. सुबक चित्रं निवडून लावली की उरलेली अर्धी मुलं भिंतीकडे बघणं सोडतात. जागा कमी असेल तर आठवड्याला पाळी लावा आणि पटावरच्या नावांपुढे खूण करत जा, म्हणजे कुणी सुटत नाही. नाव मुलानं स्वतःच्या हातानं लिहायचं. मजकुरातली अशुद्धं लाल शाईनं गोल करून टांगणं मला पसंत नाही. टांगायच्या आधी मुलाशेजारी बसून वाचा, त्यालाच सुधारू द्या, आणि तरी एखादी वेलांटी राहिलीच तर राहू दे. तुम्ही लिहिलेलं मात्र निर्दोष हवं. ठळक अक्षरातला चुकीचा शब्द मुलं वर्षभर तसाच लिहितात.

प्रत्येक कागदाच्या मागे लावल्याची आणि काढायची तारीख घाला. काढलेलं काम टाकू नका, मुलाला घरी द्या. आई-आजीपुढे तो कागद उलगडला जातो तेव्हा शाळेत काय चाललंय ते घरापर्यंत पोचतं, पालकसभेत इतकं पोचत नाही.

निघताना

आंतरवासिता संपायच्या आठवडाभर आधी बाईंबरोबर बसून काय ठेवायचं ते ठरवा. माळ, चिंचोके, नद्यांचा पुठ्ठा आणि नावांची डबी शाळेत राहू द्या. खळ लावलेला कागद उंदरांना फार प्रिय, म्हणून पट्ट्या पत्र्याच्या पेटीत ठेवा किंवा दोरीवरच राहू द्या, कपाटावर गुंडाळून नकोत. प्रत्येक वस्तूबरोबर अर्ध्या पानाची चिठ्ठी: कुठल्या इयत्तेला, कशी वापरायची, काय संपलं की काय आणायचं. जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) काही चढवायचं का ते मुख्याध्यापक सांगतील, चढवलं तर सही घ्या. स्वतःसाठी फोटो काढाल तेव्हा पूर्ण झालेल्या मांडणीचे दोनच पुरेत, बाकीचे मुलांच्या हातांचे काढा, चेहरे टाळून. पावसाची नोंद चालू ठेवायला दोन मुलं तयार करून जा, एक तिसरीतलं आणि एक चौथीतलं, म्हणजे चौथीचं पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलं तरी मोजायला कुणीतरी असेल. सोबत कापलेल्या कोऱ्या पट्ट्यांचा एक गठ्ठाही ठेवा, ऑक्टोबरपर्यंत पुरेल इतका.